तात्यांसाठी आणलेला सबवूफर

घरात एखादी नवी वस्तू आली की तिच्या पाठोपाठ किस्सेही येतात. फ्रिज आला तेव्हा आले, केबल आली तेव्हा आले. पण उज्जैनमधल्या आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीला सगळ्यात जास्त किस्से दिले ते सुधीरच्या सबवूफरने, म्हणजे नुसता खर्जातला घुमारा काढणाऱ्या स्पीकरच्या डब्याने! परदेशी माल दुकानांत नुकताच दिसायला लागला होता, ते दिवस. अजूनही आम्ही जमलो की त्या डब्याचा विषय निघतोच.

सुधीरने तो हौसेखातर आणला नव्हता. त्याचे वडील तात्या आमच्या मंडळाच्या गुरुवारच्या भजनाला वर्षानुवर्षं तबला वाजवायचे. कान गेले तसं त्यांनी तबलाडग्ग्याचं गाठोडं बांधून कपाटावर टाकलं आणि भजनाला येणंच सोडलं. दिवसभर गप्प बसून असायचे. या डब्यातून निदान डग्ग्याचा घुमारा तरी त्यांच्यापर्यंत पोहोचेल, एवढीच सुधीरची आशा होती.

* * *

डबा इंदूरहून बसने आला. धक्के लागू नयेत म्हणून सुधीरने खोका शेजारच्या सीटवर बसवला. कंडक्टर आला. "भाईसाब, ये कौन है?"

"पिताजी के लिए है," सुधीर म्हणाला.

कंडक्टरने खोक्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हाफ तिकीट फाडलं!

* * *

पहिल्याच संध्याकाळी डबा लावला, तर नुसतं "घुंऽऽऽ"! कॅसेट थांबवली तरी घुं चालूच. सुधीरची आई, आमच्या माई, हात जोडून उभ्या राहिल्या. "महाकालाच्या गावात डब्बासुद्धा ओंकार म्हणतो रे!"

तेवढ्यात वीज खात्यातला आमचा सतीश आला. सुधीरने प्लगची तिसरी पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसला होता!

"अर्थिंगशिवाय चालवतोस? मरना है क्या?" सतीश ओरडला. मेन स्विच बंद करून त्याने नवा बोर्ड बसवला, अर्थिंगची तार जोडली. घुं गायब.

माई बरेच दिवस सतीशशी बोलत नव्हत्या. "चांगला ओंकार चालला होता, या मेल्याने बंद पाडला!"

* * *

माईंच्या घरात क्रोशाच्या कव्हरातून कोणाची सुटका नव्हती. टीव्हीला होतं, मिक्सरला होतं, डब्यालाही झालं. डबा मागून तापायला लागला.

"माई, याला हवा लागते," सतीशने समजावलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर कव्हर जागच्या जागी, आणि डब्यावर टेबल फॅन सोडलेला! फॅन तात्यांच्या खोलीतला होता.

* * *

गणपतीत मंडळाने डबा मागून नेला आणि मूर्तीशेजारी ठेवला. काळा डबा, पुढे गोल भोक. आणि माणसं उज्जैनची! देवाशेजारी भोक दिसलं की हात आपोआप खिशात जातो. आरतीची कॅसेट लागली आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला आतून छनछन!

सतीशने प्लग काढला, डबा उलटा करून हलवायला लागला. एक आजी कडाडल्या, "दानपेटी अशी सगळ्यांदेखत उलटी करतात? कुछ तो शरम कर!"

* * *

"आधी व्हॉल्यूम शून्यावर, मग बटन," हे सतीशने सुधीरला पढवून ठेवलं होतं. एका रविवारी सुधीर विसरला. धडाम! स्वयंपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे डबे खाली आले.

आतल्या खोलीतून तात्या उठून आले आणि त्यांनी सरळ बाहेरचं दार उघडलं. "कोण ठोकतंय इतकं? देख जरा!"

सुधीर आवाज कमी करायचं विसरून त्यांच्याकडे बघतच राहिला. इतके दिवस त्या डब्यातलं काहीच तात्यांना ऐकू आलं नव्हतं.

* * *

त्यानंतरचा गुरुवार मला आजही जसाच्या तसा आठवतो. सुधीरने मंडळाच्या जुन्या भजनाची कॅसेट शोधून काढली होती. तबल्यावर तात्याच. या वेळी त्याने आवाज शून्यापासून हळूहळू वाढवला. तात्यांना सतरंजीवर बसवलं आणि त्यांचा तळवा डब्यावर ठेवला.

तात्या भिंतीकडे बघत बसले. काही नाही. माईंनी पदर तोंडाला लावला.

मग तात्यांचं एक बोट हललं. मग दुसरं. डोळे मिटले. समेवर मान हलली. आणि एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा कोण वाजवतोय रे?"

सुधीरने त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

तात्यांनी आणखी थोडा वेळ तळवा तसाच ठेवला.

"घाई करतोय लेकाचा," ते म्हणाले. "सुधीर, ते गाठोडं खाली काढ."