बाजारातली दिसतात

शेजारच्या बाई बारीक खुंट्यांच्या पाटीवर प्लास्टिकचे मणी मांडतात आणि वर कागद ठेवून इस्त्री फिरवतात. मणी वितळून चिकटले की चित्र भिंतीवर लावतात. आम्ही खंडोबाच्या अणदूरचे, त्यामुळं त्यांच्या भिंतीवर खंडोबाच जास्त. पहिलं चित्र लावताना इस्त्री केलेली बाजू मागं गेली आणि 'येळकोट' ही अक्षरं उलटी दिसू लागली. तरी तेच त्यांनी दारासमोर लावलं. "वाचायचं तर आरसा आणा, गुरुजी," मला म्हणायच्या.

गावच्या प्रदर्शनात मी परीक्षक होतो. बाईंच्या चित्रांबरोबर माझ्या सुनेचं विणकामही तिथं होतं. "बाईंची चित्रं खरंच घरची का?" दुसऱ्या परीक्षकानं विचारलं. मी म्हणालो, "बाजारातली दिसतात." चित्रं उतरवली गेली. बक्षीस सुनेला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पाटी, मणी, इस्त्री घेऊन आमच्याकडं आल्या. "गुरुजी, पिन लावू का?" एवढंच विचारून फरशीवर बसल्या. तासभर एकेक मणी मांडत राहिल्या. मी आणि सून उभेच होतो. मग इस्त्री फिरवून त्यांनी गरम चित्र माझ्या हातात दिलं.

"आता सांगा, कुठल्या दुकानातलं हाय?"

सून माझ्याकडं बघत होती. बाईंनी पिन काढली, वायर गुंडाळली.

"सूनबाई, फरशी तापलीय, पाय जपून टाका," म्हणाल्या आणि गेल्या.

ती चित्रं बाईंचीच होती, आणि मला ते तेव्हाही ठाऊक होतं. हे सगळं लिहिलेला हा कागद आज मी सगळ्यात आधी सुनेलाच वाचायला देणार आहे.