न दिसणारा जाळ

माझी मावशी नवऱ्याला रोज झाडते, असं अख्खी गल्ली म्हणते. गल्लीचं खरंच आहे, फक्त अर्थ चुकलाय.

खानावळींतलं तळून तळून काळं पडलेलं तेल मावशी गोळा करते, गाळते आणि त्यात मिथेनॉल, कॉस्टिक सोडा घालून गाड्यांसाठी इंधन बनवते. आधी ती एका मोठ्या स्वयंपाकघरात तळणीवर होती. उरलेलं तेल गटारात ओतायचे, ते तिला बघवेना. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा टेम्पो आता त्याच इंधनावर पळतो.

"आमचा टेम्पो पुढे गेला की भज्यांच्या वासानं मागच्याला भूक लागते," काका सांगत सुटतात.

मावशी हसत नाही. इंधन बनवायच्या शेडमध्ये तर नाहीच. कारण मिथेनॉल. दिसायला साधं पाणी, पण पेटलं तर भर उन्हात त्याचा जाळ दिसत नाही. धूरही नाही. म्हणून दाराशी लांब दांड्याचा, काड्यांचा एक झाडू असतो. त्यानं केर काढायचा नाही. शंका आली की तो पुढे धरून चालायचं. काड्या पेटल्या, म्हणजे तिथे आग. आणि झाडूनं बघितल्याशिवाय 'विझलं' म्हणायचं नाही, हा तिच्या शेडचा कायदा.

"मला डोळे आहेत की गं!" काका चिडवायचे.

"डोळ्यांच्या भरवशावर चालायचं असेल तर टेम्पोतच बसा."

त्या दुपारी मी आणि मावशी अंगणातल्या नळाखाली गाळण्या धूत होतो. काका आत शेडमध्ये मिथेनॉलचा पंप लावत होते. कुणी चादर झटकावी तसा आवाज आला. फप्प.

"अगं, नळी सुटली!" आतून काका. "भडकलं जरासं. पण विझलंसुद्धा!"

मावशीच्या हातातली गाळणी पडली. "हलू नका! अहो, आहात तिथेच थांबा!"

मला तिनं बाहेरचं मुख्य बटण बंद करायला लावलं. मी परत दाराशी आले. आत लख्ख ऊन, ओली चकचकीत फरशी आणि पलीकडच्या भिंतीशी काका. बाकी काही नाही. फक्त त्यांच्यामागची भिंत पाण्याखाली असावी तशी डुलत होती.

मावशीनं झाडू पुढे केला. एक पाऊल. काड्या काळ्या पडल्या, वाकल्या, भुरकन पेटल्या.

"इथे आहे." तिनं बादलीतली वाळू फेकली. पेटलेली टोकं वाळूत दाबून पुन्हा झाडू. पुन्हा वाळू.

"अगं, पायाशी गरम लागतंय." काकांच्या आवाजातली मस्करी पार गेली होती.

"भिंतीला चिकटून डावीकडे सरका. डावीकडे! अहो, तुमचा डावा!"

काका बाहेर आले आणि नळाशी मटकन बसले. शेजारी तेलात भिजलेल्या फडक्यांचा ढीग. "वाचलो," ते हसायला लागले. "बघ, एक केस जळला नाही."

मावशीनं झाडू त्यांच्या डोक्यावरून खाली आणला. खांदा, बाही, गुडघा. बुटाच्या टोकाशी काड्या पेटल्या.

जाड बुटामुळे त्यांना कळलंच नव्हतं. आणि बूट होता फडक्यांपासून वीतभर.

मावशीनं झाडूची टोकं मातीत दाबली, नळाशी पडलेलं ओलं पोतं त्या पायावर टाकलं आणि स्वतः त्यावर बसली. सगळा भार टाकून.

"विझलं?" काकांनी विचारलं, अगदी बारीक आवाजात.

तिनं पोतं बाजूला केलं आणि झाडू उचलला, पण बसल्या बसल्या तो लांब दांडा तिला आवरेना. मी तिच्याबरोबर दांडा धरला. काड्या काळ्याच राहिल्या. तरी तिनं पुन्हा बघितलं, मग शेडमधली फरशीसुद्धा.

हल्ली काका शेडमधून बाहेर आले की रोज दोन्ही हात पसरून उभे राहतात. मावशी त्यांच्यावरून टोपीपासून बुटापर्यंत झाडू फिरवते.

"झाडलं का हो आज बाईंनी?" शेजारीण कुंपणावरून खिदळते.

"झाडतेय ना," काका म्हणतात. त्यांच्या कपाळावर घाम असतो. मावशी 'विझलं' म्हणेपर्यंत ते हात खाली घेत नाहीत.