डाव्या हातावरचे पाच टिपके

भुताचे फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर जे फिरतात ना, ते कृपा करून मला दाखवू नका. कुठली लेयर कुठं चिकटवलीय, हे मी चहा संपायच्या आत सांगतो. अठरा वर्षं झाली, मुरुमला माझा फोटो स्टुडिओ आहे. नसलेल्या माणसाला फोटोत आणणं आणि असलेल्याला बाहेर काढणं हाच माझा धंदा. त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. आजही ठेवतो असं म्हणवत नाही. पण एक प्रिंट माझ्या हातून गेलीय, आणि तिचं उत्तर मला सापडत नाही... म्हणून लिहितोय.

मागच्या लग्नसराईत शोभाताई नावाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, जवळच्याच खेड्यातल्या. लेकीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. आमच्याकडे वारलेल्या आई-वडिलांचा फोटो हार घालून मांडवात खुर्चीवर ठेवतात. शोभाताईंना त्यांच्या आईचा ठेवायचा होता. आई गेली तेव्हा त्या दीड वर्षाच्या. फोटो एकच — कुणाच्या तरी लग्नातला ब्लॅक अँड व्हाइट ग्रुप. मागच्या रांगेत आई उभी, आणि तिच्या पुढं एक आडदांड फेटेवाला. त्याच्यामागं तिचा डावा हात खांद्यापासून झाकलेला.

"दादा, आईला ह्या गर्दीतनं सोडवून द्या," त्या म्हणाल्या. "पर मावशी म्हनती, दुसऱ्या कुनाचं धड लावलं तर मी वळखायची न्हाय. आन् तिनं वळखली न्हाय तर मी फोटू मांडायची न्हाय. आईला बघितलेलं आता मावशीबिगर कोन उरलंय?"

मावशीची शंका काही उगाच नव्हती. आमच्या धंद्यात तयार धडं असतात. पुरुषासाठी कोट, बाईसाठी काठपदराची साडी — वर डोकं तेवढं बदलायचं. आमच्या भागातल्या कितीतरी भिंतींवरच्या सासूबाई माझ्या एकाच साडीत बसल्यात, आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

"सगळं त्यांचंच ठेवतो," मी शब्द दिला.

हे काम करतात कसं, ते नवख्यांसाठी सांगतो. फोटो स्कॅन करायचा, माणसाच्या कडेनं पेन टूलनं रेघ फिरवायची, मग मास्क लावायचा. बाकीचं सगळं गायब होतं आणि तिथं पांढरे-करडे चौकोन दिसतात. चौकोन म्हणजे तिथं काही नाही, आरपार. शिकाऊ मंडळी खोडरबर घेऊन खोडत सुटतात, मग चूक झाली की रडतात. मास्क नुसतं झाकतो, हवं ते परत आणता येतं. पण फेटेवाल्यामागचा हात परत आणणार कुठून? तो फोटोतच नव्हता. आईच्या डाव्या बाजूला नुसते चौकोन.

मग मी तिचाच उजवा हात कॉपी केला, आडवा उलटवला आणि डावीकडं बसवला. लेयरला नाव दिलं 'डावा हात'. चारशे टक्के झूम करून मनगटावरचा कण न् कण साफ केला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला प्रिंट काढली. कागद बाहेर आला आणि लाईट गेली. दाराशी नेऊन बघतो तर डाव्या मनगटावर डाग! चार कोपऱ्यांना चार ठसठशीत टिपके, मधोमध एक फिकट, अर्धवट. तेही हिरवट, ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर. प्रिंटरला मनातल्या मनात शिव्या घालतोय, तेवढ्यात शोभाताई मावशीला हाताला धरून पायरी चढल्या.

"मावशी, ते डाग शाईचे आहेत हं," मी आधीच हात जोडले. "लाईट आली की दुसरी काढून देतो."

मावशीनं प्रिंट घेतली आणि उजेडाकडं धरली. मग मलाच विचारलं, "हे कुनी सांगितलं रं तुला?"

"काय?"

तिनं डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. मनगटावर हिरवं गोंदण. चार कोपऱ्यांना चार टिपके, मधे एक. पाचही ठसठशीत.

"आमा दोघी भयनींला जत्रंत एकदमच गोंदलं. म्या गुमान बसले. ही लई बोंबलली. मधला टिपका टेकला न टेकला तवर हात हिसकून पळाली बघ. तसाच ऱ्हायला जलमभर." मग शोभाताईंकडं वळून म्हणाली, "तू सांगितलंस व्हय गं ह्याला?"

"मावशे, मलाच कुठं ठावं हाय..."

शोभाताईंनी त्या फिकट टिपक्यावर बोट ठेवलं. हळूच विचारलं, "रडकी व्हती व्हय गं आई?"

"लई," मावशी म्हणाली, आणि दोघी हसत हसत रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही. तो हात उजव्यावरून केलाय, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

दोघी तीच प्रिंट घेऊन गेल्या. लाईट आल्यावर मी फाईल उघडली. एकेक लेयर बंद करत गेलो, शेवटी नुसते चौकोन उरले. टिपके कुठंच नाहीत. मूळ स्कॅनमध्ये उजवं मनगट कोरं. दुसरी प्रिंट काढली — हात कोरा. तिसरीही तशीच. सोलापूरचा मेकॅनिक म्हणाला, निळी आणि पिवळी शाई ठिबकली असेल, हिरवं दिसणारच. बरोबर आहे त्याचं. पण शाई मोजून पाच वेळा, नेमक्या मनगटावर ठिबकली, आणि मधेच घाबरून पळाली?

मागच्या महिन्यात शोभाताईंचा फोन आला. लेकीला सासरी आजीचा फोटो हवाय, आणखी एक काढून द्या. फाईल होतीच. टिपके टाकायचे म्हणजे दोन मिनिटांचं काम. ब्रश घेतला, हिरवा रंग निवडला, मनगटापर्यंत नेला... आणि हात पुढं जाईना. लोकांच्या अंगावर इतके कोट चढवले, तेव्हा कधी असं झालं नव्हतं.

शेवटी मीच फोन लावला. म्हटलं, "ताई, भिंतीवरची फ्रेम घेऊन या. तिच्यावरूनच काढतो."

"का वो दादा? तुमच्याकडं न्हाय व्हय आई?"

"न्हाय," मी म्हणालो.