चित्रातलं बटण

आजवर हे माझ्या तोंडून कुणासमोर निघालेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, फोनवर आईशी बोलतानाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय — नाहीतर जमलं असतं का?

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली. नवऱ्याच्या कामापायी मावळात आले, आणि पवनानगरच्या एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर मॅडमनी मला ठेवून घेतलं. शिक्षण विचारलं, मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाचता येतं ना? मग बस." तेवढ्यावर खुर्ची मिळाली. त्या खुर्चीचे उपकार मी अजून मानते. पण उपकाराची भीतीही असते — आपली एक चूक, आणि मॅडमना वाटेल, आठवीवालीला बसवलं तिथंच चुकलं.

सेंटरवरचा कॉम्प्युटर जुना होता. मोबाइलवर निघतो तसा स्क्रीनशॉट त्यावर झटकन निघत नसे. कीबोर्डवरचं प्रिंट-स्क्रीन दाबायचं — ना आवाज, ना उजेड, काही झालं की नाही तेही कळायचं नाही — मग चित्रं रंगवायचा पेंट प्रोग्राम उघडून तिथं ते चित्र चिकटवायचं. पान जसंच्या तसं उतरायचं. साइट कधीकधी शेवटच्या क्षणी बंद पडायची आणि भरलेलं सगळं जायचं. त्या धास्तीनं मी शेवटचं बटण दाबायच्या आधीच चित्र काढून ठेवायचे. मॅडमनी असं शिकवलं नव्हतं. ती माझी हुशारी.

तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतले नामाभाऊ मुलीला घेऊन आले. मनीषा. दहावी पास झालेली वाडीतली पहिली पोरगी. पुण्यात सरकारी वसतिगृह मिळालं तरच अकरावी, नाहीतर शिक्षण तिथंच थांबणार. मी फॉर्म भरला. चित्र काढलं, पेंटमध्ये चिकटवलं, अर्जाच्या नंबराभोवती ब्रशनं लाल गोल केला — नामाभाऊंना वाचता येत नव्हतं, दाखवायला सोपं जावं म्हणून. मग 'अर्ज सादर करा' हे बटण दाबलं. काही हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. साइट नेहमीसारखी अडकली असेल, होईल मागाहून, असं वाटलं. बाहेर माणसं खोळंबली होती. रंगीत प्रिंट काढून दिली. नामाभाऊंनी तिचं तिथंच लॅमिनेशन करून घेतलं.

चार दिवसांनी, शेवटच्या तारखेला, भर दुपारी दोघं परत आले. मनीषा म्हणाली, "ताई, माज्या मैत्रिणीला अर्ज पोचल्याचा मेसेज आला. मला न्हाई आला." नामाभाऊंनी तो कागद माझ्यापुढं ठेवला.

बटणावर दोन लाल ठिपके होते.

कळलं का तुम्हाला? मी चित्रातलं बटण दाबलं होतं. माउसला पेंटचा लाल ब्रश तसाच होता, तो तिथं दोनदा टेकला. खरं पान मागं उघडंच राहिलं, संध्याकाळी मी कॉम्प्युटर बंद केला तेव्हा तेही गेलं.

मॅडम शेजारच्या खुर्चीत. मुदत पाच वाजेपर्यंत. एकच वाक्य बोलायचं होतं — आणि मी म्हणाले, "अर्ज गेलाय गं. तुमच्या वाडीत रेंज कुठं असते? मेसेज अडकला असेल."

नामाभाऊ हसले. "बग, मी काय म्हनत व्हतो? उगा चालाया लावलंस मला उन्हाचं. ताईंनी केल्यालं काम हाय त्ये."

मॅडम जेवायला गेल्या की गुपचूप भरू, असं ठरवलं. साइट उघडलीच नाही. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी चार ठिकाणी फोन फिरवले असते, दुसऱ्या सेंटरवरून करून घेतलं असतं. त्या तशाच आहेत. मला ते माहीत होतं. आणि पाच वाजले.

यादीत मनीषाचं नाव नव्हतं. असा अर्जच आलेला नाही, असं वसतिगृहाच्या ऑफिसात त्यांना सांगण्यात आलं. दोघं पुन्हा आले, तेव्हा मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "कागदपत्रांच्या झेरॉक्स त्या ऑफिसात नेऊन द्यायला मी सांगितलं होतं. दिल्या नसतील यांनी."

तसं काही द्यायचंच नव्हतं. मी तसं सांगितलंही नव्हतं.

नामाभाऊंनी हातातला कागद पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "सांगितलं आसंल, मॅडम. माज्याच ध्यानातून गेलं."

मुलीसमोर म्हणाले. आणि मी ऐकून घेतलं.

मनीषा आता धरणाकाठच्या बंगल्यांवर पाहुण्यांच्या चादरी धुते. मागच्या महिन्यात रेशनकार्डाच्या कामाला आली. पिशवीतून कागद काढताना तोही निघाला — लॅमिनेशन केलेला.

"ह्यो अजून ठेवलाय?" मी विचारलं. तिच्याच बोलीत विचारलं, का कोण जाणे.

"आबा टाकू देत न्हाई. म्हनतो, माज्या चुकीचा कागद हाय, ऱ्हाऊ दे." मग तिनं तो डोळ्यांजवळ धरला. "ताई, बटणावर हे लाल काय वो?"

"शाई उडाली असेल."

तिनं नखानं खरवडून पाहिलं. ठिपके लॅमिनेशनच्या आत होते. ती खरवडत राहिली, आणि मी रांगेतल्या पुढच्या माणसाला त्याचं नाव विचारलं.