ढगोबाची कोरडी गच्ची

गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या या गृहस्थाला सगळे ढगोबा म्हणायचे, कारण त्याच्या प्रत्येक बिघडलेल्या कामाला ढग जबाबदार असायचे. लेप सुटला? दमट हवा. उशीर झाला? आभाळ भरून आलं होतं. स्वतःच्या लग्नालाही तो उशिराच पोहोचला, तेव्हा चक्क वाऱ्याचं नाव घेतलं. बायकोला ते अजून पटलेलं नाही.

लोक तोंडावर थापाड्या म्हणू लागले, तेव्हा मात्र त्याच्या मनाला लागलं. त्यानं फोनवर कामाची डायरी सुरू केली. कुठल्याशा व्हिडिओतली एक स्क्रिप्ट, म्हणजे कोडच्या चार ओळी, उचलून नोंदींच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे कोऱ्या साच्यात, डकवली. नोंद उघडली रे उघडली, की तापमान, दमटपणा, पाऊस, सगळं आपोआप हजर! त्या स्क्रिप्टमधलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं, पण शेखी अशी मिरवायचा, जणू आभाळ यानंच कामाला ठेवलंय.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं छत गळलं, ढगोबानं महिन्यापूर्वीच लेप दिलेलं. तेही नेमकं खुर्चीवर, आ वासून पडलेल्या पेशंटच्या तोंडात.

"ओल्या गच्चीवर लेप फासलात ना?" बाई कडाडल्या. "पुन्हा करून द्या, फुकट. नाहीतर येईल त्या पेशंटला सांगेन. त्यांना मधे बोलता येत नाही, सगळं ऐकून घेतात."

"बाई, खणखणीत ऊन होतं त्या दिवशी!" ढगोबा म्हणाला. आणि खरंच होतं. त्यानं ऐटीत त्या तारखेची नोंद उघडून फोन पुढे धरला. नोंदीत लिहिलं होतं: मुसळधार पाऊस. बाहेरही तोच कोसळत होता. बाईंनी फोनकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि दार दाखवलं.

घरी बायकोनं फोन हातात घेतला. ती दुकानांचे हिशेब कॉम्प्युटरवर सांभाळायची, तिला असल्या भानगडी कळायच्या.

"अहो, तुमच्या सगळ्या नोंदींत आजचाच पाऊस पडतोय. भर उन्हाळ्यातल्यासुद्धा!"

घोळ साधा होता. नोंद उघडली की स्क्रिप्ट दर वेळी त्या घडीची हवा आणून जुनी पुसत होती. बायकोनं टेम्प्लेट बदललं: हवा एकदाच आणायची आणि तिथेच लिहून टाकायची. मग स्क्रिप्ट जिथून हवा आणायची, हवामानाच्या त्याच साइटवरून मागच्या तारखांची माहिती ओढून जुन्या नोंदी सुधारल्या. दवाखान्याच्या कामाच्या दिवशी आकाश निरभ्र, हवा कोरडी. ढगोबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो होतो!"

"म्हणूनच कुणाला ओळखू आलं नाही," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो ताठ मानेनं दवाखान्यात शिरला. बाईंनी नोंद बघितली, स्वतःच्या फोनवर ती तारीख ताडून पाहिली.

"बरोबर आहे तुमचं. गच्ची कोरडीच होती. मी उगाच बोलले."

ढगोबा खुलला. असं त्याला कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

"आता एक सांगा," बाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "कोरड्या दातात भरलेलं सिमेंट महिन्याभरात निघालं, तर दोष कुणाचा?"

"डॉक्टरचा! आणखी कुणाचा?" ढगोबा ठणकावून म्हणाला.

मग त्याचा चेहरा उतरला. सवयीनं त्यानं खिडकीबाहेर बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं.

"गच्चीची किल्ली द्या," तो म्हणाला.