हात लावू नये

कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असं आमच्या घरात मीच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. गंगेपलीकडे रामनगरच्या एका बँकेत दिवसभर स्क्रीनसमोर बसतो, तेवढ्याच भांडवलावर ही मिजास.

बाबा गेले तेव्हा आईच्या फोनमध्ये त्यांचे ढीगभर व्हिडिओ होते. भूपाळी म्हणणारे बाबा, गच्चीवरच्या माकडांना काठी दाखवणारे बाबा, पतंगवाल्या पोरांना शुद्ध मराठीत झापणारे बाबा. ती पोरं हिंदी बोलणारी, काही न कळताही पळायची. आई रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसायची आणि म्हणायची, "लाव रे त्यांचं." पण तिचा फोन गच्च भरलेला, मध्येच अडकायचा आणि बाबा तोंड उघडून तसेच थांबायचे. मी जाहीर केलं की आपण घरातच सर्व्हर बसवणार, म्हणजे सगळे व्हिडिओ एका कॉम्प्युटरमध्ये आणि फोनवर नुसते बघायचे.

"तयार काही मिळत नाही का?" बायकोनं विचारलं. मी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग जुना कॉम्प्युटर काढला, त्यात मोठी डिस्क बसवली आणि कित्येक रविवार कुणाशी धड बोललो नाही. शेवटी एकदाचे बाबा आईच्या फोनवर न अडकता दिसायला लागले. ते होते मात्र खाली, माझ्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात. बॅकअप तर हवाच, म्हणून दुसरी डिस्क आणली आणि तिथेच शेजारी ठेवली, कारण वायर आखूड होती. मग मोठ्या ऐटीत आईच्या फोनमधले सगळे व्हिडिओ पुसून टाकले. फोन कसा हलका झाला, असं तिच्याकडून वदवूनही घेतलं.

डब्यासाठी जागा निवडली तळमजल्यावरची खोली. वर माकडं वायरी ओढतात, खाली गारवा असतो. आमचं घर अहिल्याबाई घाटामागच्या गलीत. पावसाळ्यात गंगा कुठवर येते, हे मी जन्मापासून बघत आलोय. पण जागा निवडताना हे आठवेल तर तो मी कसला! पुढे एकदा धूळ पुसताना बायकोच्या हातून वायर निघाली. मी असा काही तडकलो की घरात दोन दिवस फक्त भांड्यांचा आवाज. मग डब्यावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला, 'हात लावू नये'. खाली तेच हिंदीत.

भाद्रपदात बायकोचा बँकेत फोन आला, गलीत पाणी शिरलंय. "खालचं सगळं वर न्या, एक वस्तू सोडू नका," मी इकडून हुकूम सोडला. नावा बंद होत्या, पुलावर हीऽ गर्दी. घरी पोचलो तर वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. देव, लोणच्याच्या बरण्या, तांदळाचा डबा, एक पाय मोडलेली खुर्ची. सर्व्हरला जोडलेली स्क्रीनसुद्धा आईनं चादरीत गुंडाळून आणली होती.

"आणि तो डबा?"

"त्याला कसा हात लावायचा?" आई म्हणाली. "तू चिठ्ठी लावलीयस ना."

बायकोनं टॉर्च माझ्या हातात ठेवला.

गलीभर वीज बंद होती. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि डबा डोक्यावर घेऊन निघालो, अगदी वसुदेवासारखा. फक्त माझ्या टोपलीतून गढूळ पाण्याची धार मानेवर येत होती. समोरच्या खिडकीतून शेजाऱ्यानं विचारलं, "का गुरु, का बचा लिये?" काय वाचवलं ते मलाच बघायचं होतं, मी तसाच जिना चढलो.

गंगेची बाढ उतरल्यावर दोन्ही डिस्क घेऊन शहरातली दुकानं पालथी घातली. काही निघालं नाही. व्हिडिओ घरातल्या घरात काढलेले, दुसऱ्या कुणाकडे नव्हतेच. आईला सांगायचं मी टाळत राहिलो. पण एका संध्याकाळी ती कप घेऊन बसली आणि म्हणाली, "लाव रे त्यांचं." मग सांगावंच लागलं.

तिनं कप खाली ठेवला. "ते त्या डब्यात आहेत, हे एकदा सांगायचंस तरी," ती म्हणाली. "देवांच्या आधी त्यांना उचललं असतं."

मला रडू आलं. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, तिच्यासमोर बसून हमसून हमसून रडलो. ती पाठीवरून हात फिरवत होती, त्यानं तर आणखीच लाज वाटली.

नंतर माझा फोन पार तळापर्यंत शोधला. बाबांचे बोलून पाठवलेले निरोप मी कधी जपले नव्हते, पण पुसायचाही आळस केला होता. त्या आळसानं एक वाचवला. "अरे, फोन का उचलत नाहीस? येताना दूध आण. विसरशील, तुझा काही भरोसा नाही."

आता तेवढंच आहे. घरातल्या सगळ्या फोनांत ते आहे आणि नागपूरच्या मावशीकडेही आहे. रोज संध्याकाळी मी ते लावतो. आई डोळे मिटून ऐकते, संपलं की कप खाली ठेवते आणि माझ्याकडे बघते.

"मग? आणलंस का?"

मी चपला घालतो.