मोठी बोट

पिंपरीच्या कारखान्याने मला काम शिकायला नॉर्वेला पाठवलं होतं. परतण्याआधी, ऐन हिवाळ्यात, आकाशातला हिरवा उजेड दाखवायला किनाऱ्याने जाणाऱ्या दोन बोटी होत्या. टपालाची छोटी बोट आठवड्यात परतायची, मोठ्या डेकची पंधरा दिवसांनी. खिशात बायकोचं पत्र होतं. वर नेहमीचं 'इकडील सर्व क्षेम', खाली 'सासूबाईंना अन्न जात नाही, तुमची वाट बघतात'. घरात काहीही झालं तरी आपण आधी क्षेमच लिहितो, हे मला ठाऊक होतं. तरी मी वरचीच ओळ धरली आणि मोठी बोट निवडली.

घरी पोचलो तेव्हा आईला जाऊन पाच दिवस झाले होते.

"दिसला का हो तो उजेड?" बायकोने विचारलं.

"कुठला! सगळे ढगच होते."

खोटं बोललो. डोळे भरून बघितला होता.